शाल-श्रीफळाच्या आधी एकदा घरी या : शाळांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक-शिक्षिका आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आले की आपल्या शाळांमधून गावातल्या माजी सैनिकांना बोलावणं जातं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो. ही पद्धत चांगली आहे, ती बंद व्हावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझं मागणं एवढंच, की त्या माणसाला स्टेजवर बसवण्याआधी एकदा त्याच्या घरी जा, त्यानं फौजेत नेमकं काय काम केलं ते विचारा, आणि मग मुलांनाही विचारू द्या. हे मागणं कुठून आलं ते जरा सविस्तर सांगते. गेल्या डिसेंबरात आमच्या घरात जे घडलं ते माझ्याच्यानं एकटीजवळ ठेववत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी घरातली लेक. आमच्या भागात फौजी घर ही काही वेगळी सांगायची गोष्ट नाही. अपशिंगे आमच्याच जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत, आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' कायमचं चिकटलं. आमच्या गावाच्या नावाला असं काही चिकटलेलं नाही, पण कुठल्याही आळीत जा, माळ्यावर एखादी काळी ट्रंक सापडेल, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला नंबर, हुद्दा, नाव. आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक अजून पडवीत आहे. १९६७ला भरती, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९८४ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा वय होतं पस्तीस. त्यानंतर वीस वर्षं पुण्यातल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत काढली आणि मग गावी येऊन दीड एकर शेती धरली. गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या शाळेनं त्यांना स्वातंत्र्यदिनाला बोलावलं. शाळेचं नाव सांगत नाही, तिथं कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. अण्णांनी आदल्या रात्री मेडलं काढली. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही १९७१च्या युद्धाची, लाँग सर्व्हिसचं एक. मेडलांच्या पट्टीची पिन ब्रासो लावून घासली. हिरवी बॅरेट ओल्या फडक्यानं पुसून डोक्यावर बसवून बघितली. सकाळी सातला शाळेत हजर. झेंडावंदन झालं, कवायत झाली, मग भाषणं सुरू झाली, आणि अण्णा साडेनऊपर्यंत उन्हात खुर्चीवर ताठ बसून राहिले. शेवटी सूत्रसंचालकांनी माइकवरून सांगितलं, "कारगिल युद्धात शत्रूला धूळ चारणारे आपल्या पंचक्रोशीतले मेजर..." कारगिल झालं १९९९ला. अण्णा तेव्हा पुण्यात गेटवर रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहीत होते. शाल पडली, टाळ्या झाल्या, फोटो झाला, पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाले, "कारगिलला जी पोरं गेली, त्यांच्या टाळ्या मी घेऊन आलो." त्यानंतर चार-पाच बोलावणी आली. प्रत्येक वेळी अण्णांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. शाल मात्र घडी न मोडता ट्रंकेत ठेवलेली आहे, कारण ती मुलांच्या हातून आली होती.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गडबड चालली होती. मी त्यासाठीच गावी गेले होते. संध्याकाळी गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या बाई आल्या. या भागात नव्या आहेत, लातूरकडच्या. चहा झाला. मला वाटलं आता पत्रिका काढतील. त्या म्हणाल्या, "अण्णा, मला फौजेतलं काहीच कळत नाही. तुम्ही तिथं काय काम करायचा?"

अण्णा म्हणाले, "बँडात होतो. बिगुल वाजवायचो."

बाईंचा चेहरा पडला नाही. त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "मग लढाई लागली की बँडवाले काय करतात?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मी पोटची लेक, मीही नाही. लहानपणी मला अण्णा बँडात होते याची थोडी लाज वाटायची, हे आज इथं लिहून टाकते. माझ्या मैत्रिणीचे वडील तोफखान्यात होते. माझे वडील बिगुल वाजवायचे. शाळेत कुणी विचारलं तर मी नुसतं "इन्फंट्रीत" एवढंच सांगायची.

अण्णांनी बाईंना सांगितलं ते असं. लढाई लागली की वाद्यं स्टोअरमध्ये जमा होतात आणि बँडातले जवान स्ट्रेचर उचलतात. जखमी झालेल्याला पुढनं उचलून मागं डॉक्टरपर्यंत आणायचं, ही त्यांची ड्युटी. १९७१च्या डिसेंबरात जंगी पलटण जमालपूरला होती, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आणि अण्णा बावीस वर्षांचे होते.

बाई दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आल्या, नकाशा घेऊन. त्यांनी मधल्या दिवसांत वाचन केलं होतं. आणि जाता जाता आणखी एक विचारून गेल्या, "वर्ग वरच्या मजल्यावर आहे, तुम्हाला जिना जमेल का, की खाली ग्रंथालयात घेऊ?" अण्णांनी होकार दिला तो मला वाटतं या प्रश्नाला दिला.

१६ डिसेंबरला ग्रंथालयाच्या खोलीत सतरंजीवर सातवीची सगळी मुलं, फळ्यावर खडूनं काढलेली जुनी ब्रह्मपुत्रा, तिच्या काठी जमालपूर, खाली टांगाईल आणि आणखी खाली ढाका. माइक नाही, पाहुणे नाहीत. आईही आली होती, तिला बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. मी दाराजवळ उभी होते.

सुरुवातीची पाच मिनिटं बाई बोलल्या. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. आपली फौज नदी ओलांडून शहराच्या मागं गेली आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता मराठ्यांनी अडवला. ९ डिसेंबरला आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण यायला सांगणारं पत्र पाठवलं, ते मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तिथल्याच लोकांच्या सेनेतल्या, एका माणसानं जीव मुठीत धरून नेऊन दिलं. पलीकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत एक गोळी गुंडाळून पाठवली. मुलांचे डोळे एवढे मोठे झाले. एका मुलानं लगेच विचारलं, "आजोबा, ती गोळी तुम्ही बघितली का?"

"नाही बाळा. पत्राचं, गोळीचं मला कैक वर्षांनी कळलं. तेव्हा मला माहिती होतं ते एवढंच, की आमच्या कंपनीच्या मागं कुठल्या बांधावरनं गेलं की चिखल कमी लागतो."

हे वाक्य मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. आपण पुस्तकात लढाई वरून बघतो, बाण काढलेल्या नकाशावर. तिथं असलेल्या माणसाला त्याच्या पायाखालचा बांध दिसत असतो, आणि तो बांध त्याच्याशिवाय दुसरं कुणीच सांगू शकत नाही.

१० तारखेच्या रात्री पलीकडची फौज शहरातून बाहेर पडायला निघाली आणि रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांवर येऊन आदळली. सकाळी जमालपूर शरण आलं. त्याच दिवशी, ११ डिसेंबरला, टांगाईलला आपले छत्रीधारी उतरले. ती दुसरी पॅरा पलटण, तीही मूळची मराठा पलटणच. पाच दिवसांनी ढाका पडलं आणि ९३,००० जण युद्धकैदी झाले. हे सगळं बाईंनी सांगितलं. रात्रीबद्दल अण्णा एवढंच म्हणाले, "रात्रभर चालत होतो. किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत."

मग तो प्रश्न आलाच. पुढं बसलेल्या एका चुणचुणीत मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?"

बाई एकदम अवघडल्या. मीही. अण्णा अवघडले नाहीत. म्हणाले, "मारायची ड्युटी माझ्याकडं नव्हती. माझ्याकडं स्ट्रेचर होतं."

मुलाला काही ते पटल्यासारखं दिसलं नाही. अण्णांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी बाईंना विचारलं, दोन बांबू आणि दोन पोती मिळतील का. बांबू झेंड्याचे मिळाले, पोती पोषण आहाराच्या तांदळाची. पोत्यांच्या तळाचे दोन्ही कोपरे कापून अण्णांनी त्यातून बांबू घातले आणि सगळ्यांना अंगणात नेलं. मुलांनी एका बारकुल्या मुलीला पुढं केलं, हिला उचलू म्हणून. अण्णा म्हणाले, "नाही. वर्गात सगळ्यात जड कोण आहे?"

चार मुलांनी बांबू खांद्याच्या खाली धरले आणि शाळेच्या कवायतीत शिकवतात तसे डावा-उजवा करत पाय जुळवून निघाले. स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हलायला लागलं, वर झोपलेला मुलगा ओरडायला लागला. अण्णांनी थांबवलं. "पाय जुळवायचे नाहीत. फौजेत सगळीकडं पाय जुळवतात, स्ट्रेचरखाली नाही. चौघांचे पाय एकदम पडले की वरचा हलतो, आणि त्याचं हाड मोडलेलं असतं. पुढच्यानं डावा टाकला की मागच्यानं उजवा टाकायचा." मुलांना ते जमेना. जन्मभर पाय जुळवायला शिकलेली मुलं, पाय मोडायला शिकत होती. चौथ्या फेरीला जमलं. वरचा मुलगा म्हणाला, "आता नाही हलत." अण्णांनी त्याच्याकडं बघून मान डोलावली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझे वडील त्या रात्री काय करत होते.

ज्या मुलानं किती मारले विचारलं होतं तो बांबू धरणाऱ्यांत होता. त्याचे तळवे लाल झाले होते. त्यानं दुसरा प्रश्न विचारला, "रात्री अंधारात पाय कसे दिसायचे?" अण्णा म्हणाले, "दिसायचे नाहीत. पुढचा हळू आवाजात मोजायचा."

यानंतर खोलीत परत आल्यावर एका मुलीनं आईला विचारलं. आई कोपऱ्यात पदर सावरून बसली होती, तिला कुणी काही विचारेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मुलगी म्हणाली, "आजी, आजोबा जिवंत आहेत ते तुम्हाला कसं कळलं?"

आईचं लग्न १९७०चं. सतरा वर्षांची होती. आईनं सांगितलं, गावात रेडिओ एकच, तलाठ्यांच्या घरी. लढाई संपल्याचं त्यावर कळलं, माणसाचं कळलं नाही. '५६ एपीओ' असा फौजेच्या टपालाचा पत्ता घातलेलं पत्र जानेवारीत आलं. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमनदादांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, सासूसासऱ्यांच्या, दिराच्या, शेजाऱ्यांच्या देखत. "त्यात माझं नाव नव्हतं," आई म्हणाली, "पण शेवटी लिहिलं होतं, घरच्या सगळ्या मंडळींना नमस्कार. मी त्यातच आले म्हटलं." तोपर्यंत तिनं रोज पोस्टमनच्या वाटेवरच्या विहिरीवरून पाणी आणलं होतं, घराजवळचा आड सोडून. हे अण्णांनाही माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं, ते खाली सतरंजीकडं बघत होते.

म्हणून मुख्याध्यापक महोदय, बाई, गुरुजी, फक्त माजी सैनिकाला बोलावू नका. त्याची बायको हयात असेल तर तिलाही बोलवा, आणि शोभेला बाजूच्या खुर्चीवर बसवण्यापुरतं नको, तिला विचारा. आणि जिथं माणूस गेला आहे आणि मागं ती एकटी आहे, तिथं तर आधी जा.

आणखी काही गोष्टी मनात आहेत. प्रत्येक माजी सैनिकाकडं बंदुकीची गोष्ट असेल असं धरून जाऊ नका. फौजेत स्वयंपाकी असतात, ड्रायव्हर असतात, खेचरं हाकणारे, तारा ओढणारे, गाड्या दुरुस्त करणारे असतात. कारवारकडचे रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते १९४८च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून, अडथळे हटवून रणगाड्यांना रस्ता करून दिल्याबद्दल. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर ईएमईमधले, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातले जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग लुळं पडलं, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, आणि पद्मश्री मिळाली २०१८ला. मध्ये ४६ वर्षं गेली. तेवढी वर्षं त्यांच्या आसपासच्या कितीतरी मुलांना आपल्या शेजारून कोण जातंय ते ठाऊक नसणार.

काहींना बोलायचं नसतं. त्यांनी जे बघितलं ते बारा वर्षांच्या मुलांपुढं काढायची त्यांची इच्छा नसते, आणि तो त्यांचा हक्क आहे. हे स्टेजवर कळून उपयोग नाही, आधी घरी गेलं तरच कळतं. अशा माणसाला नुसतं मुलांसोबत एक झाड लावू द्या, किंवा काहीच नको, नमस्कार करून या.

मुलांना प्रश्न लिहून देऊ नका. पाठ केलेला प्रश्न ऐकताच माणूस पाठ केलेलं उत्तर देतो. किती मारले, रडलात का, घरची आठवण आली का, जेवायला काय होतं, हे सगळं विचारू द्या. ज्यानं ती रात्र काढली त्याला मुलाच्या प्रश्नाचा राग येत नाही.

७ डिसेंबर हा दिवसही आपल्या हाताशी आहे. १९४९पासून ध्वजदिन पाळला जातो, शाळांमधून लाल, गडद निळ्या आणि आकाशी पट्ट्यांचे ते छोटे झेंडे वाटले जातात, मुलं निधी गोळा करतात. तो झेंडा शर्टाला लावलेलं मूल आणि गावातला एक खरा माजी सैनिक यांची त्या आठवड्यात गाठ घालून द्यायला कितीसा वेळ लागतो? गावात कोण कोण आहे ते ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. बहुतेक गावांत तेवढीही गरज पडणार नाही, पारावर विचारलं तरी पुरे.

तुमच्यामागं किती कामं असतात याची मला कल्पना आहे. परीक्षा, पोर्टलवर भरायची माहिती, निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षणं. पण आमच्या बाईंच्या दोन संध्याकाळी आणि शाळेची एक सकाळ गेली, बस. खर्च झाला तो एका शालीचा आणि दोनशे पानी दोन वह्यांचा. हो, शाल होतीच. कार्यक्रमाच्या शेवटी ज्या मुलाचे तळवे लाल झाले होते त्यानं ती अण्णांच्या खांद्यावर घातली, आणि अण्णांनी ती घरापर्यंत अंगावरून काढली नाही.

घाई मात्र आहे. १९७१ला अठरा वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६५चे त्याच्याही पुढं, आणि १९६२चे तर बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, नावं विसरायला होतात. पुढच्या वर्षी करू, असं कृपा करून म्हणू नका.

त्या वह्यांतली एक आता आमच्या घरी आहे. मुलांनी दोन वह्या केल्या, एक शाळेत, एक अण्णांना. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. ज्या प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी झाली नाहीत त्यांची उजवी पानं कोरी सोडलीत आणि अण्णा ती हळूहळू भरतात. एका मुलीनं विचारलंय, "तुम्ही ज्यांना उचलून आणलं त्यांची नावं काय?" अण्णांनी पहिल्याच दिवशी पाच लिहिली, गावासकट. सहावं आठवेना. चेहरा आठवतो, बोलणं आठवतं, डाव्या मनगटावर गोंदलेलं होतं तेही आठवतं. त्यांच्यासोबत त्या स्ट्रेचरला हात लावलेले एक जण कोल्हापूरकडचे, त्यांना ठाऊक असणार म्हणून जुन्या डायरीतून नंबर शोधून मी फोन लावून दिला. फोन त्यांच्या मुलानं उचलला. वडील श्रावणात गेले म्हणाला.

अण्णांनी सहाव्या ओळीवर 'तालुका पाटण' एवढं लिहिलंय. नावाची जागा मोकळी आहे.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी,
जिल्हा सातारा